डावे पक्ष आणि डावी धोरणे

‘डावे’ हा शब्द मराठी कानाला मुळात फारसा मानाचा नाही. डावे-उजवे करणे म्हणजे पक्षपात करणे, आणि एखाद्याला डावलणे म्हणजे त्याचा हक्क असूनही त्याला बाजूस सारणे. पंगतीत मात्र डाव्या बाजूला स्वतःचे स्थान आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ही पानाच्या डावीकडे वाढावयाची आणि भाजी-उसळ उजवीकडे, असा आपला रिवाज. राजकारणातील डावे-उजवे आले ते फ्रान्सातून. १७८९ साली तेथील राष्ट्रसभेत राजाचा अधिकार कमी करू पाहणारे सभासद अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसू लागले व राजाचे कैवारी उजव्या हाताला. बसण्याउठण्याची ती साधी सोय पुढे साऱ्या जगाच्या राजकारणाची परिभाषा होऊन बसली.

युरोपातील मध्यममार्गी डाव्या पक्षांविषयी, म्हणजे इंग्लंडचा मजूर पक्ष, जर्मनीचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष, फ्रान्सचा समाजवादी पक्ष आणि उत्तरेकडील त्यांचे भाऊबंद यांविषयी, गेली कित्येक वर्षे एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो. हे पक्ष डावी धोरणे अजून चालवितात, की ते केवळ नावाचे डावे उरले आहेत? प्रश्न सातासमुद्रापलीकडचा वाटतो खरा. परंतु धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात, सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या अणदुरासारख्या गावाने हाच प्रश्न आपल्या मतपेटीत अनेकदा पाहिला आहे. किंबहुना त्याचे उत्तर तेथे युरोपाहून अधिक उघडे दिसते.

पक्षाचे डावेपण मोजावयाचे कशाने? जाहीरनाम्याने मोजू गेल्यास फसगत ठरलेली, कारण कागदावर समता लिहावयास शाई तेवढी लागते. सरकारने लोकांना काय दिले यावरून मोजावे, तर निवडणुकीच्या तोंडावर देत नाही असा पक्ष आता कोणत्याच बाजूला राहिलेला नाही. तेव्हा दिले काय एवढेच पाहून भागत नाही. ते कोणाच्या पदरातून घेतले, आणि घेताना त्याला तसे तोंडावर सांगितले काय, हेही पाहावे लागते. ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडून कायद्याने घ्यावयाचे आणि ज्याच्याजवळ नाही त्याला ते हक्काने मिळावयाचे, ही डाव्या धोरणाची दोन टोके होत. त्यांतील एक गळाले की बाकी उरतो तो दानधर्म.

इंग्लंडच्या मजूर पक्षाने १९१८ साली आपल्या घटनेत उत्पादनसाधने समाजाच्या मालकीची करण्याचे कलम घातले. १९४५ साली ॲटली यांचे सरकार आले. १ जानेवारी १९४७ रोजी कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या झाल्या व ५ जुलै १९४८ रोजी मोफत वैद्यकीय सेवा सुरू झाली. त्या काळी अत्युच्च उत्पन्नाच्या वरच्या थरावर पौंडातील एकोणीस शिलिंगांहून अधिक भाग करात जात असे. म्हणजे देणारा कोण हे कोणालाही विचारावे लागत नव्हते. १९९५ साली टोनी ब्लेअर यांच्या पुढाकाराने ते जुने कलम पक्षाच्या घटनेतून गेले. जर्मनीच्या पक्षाने हाच विधी बाड गोडेसबर्ग येथे १९५९ सालीच उरकला होता. तथापि कलम गेले म्हणजे धोरण गेलेच, असे समजण्याचे कारण नाही. मार्क्सला निरोप दिल्यानंतरच विली ब्रांट यांच्या अमलात जर्मनीतील सामाजिक तरतुदी वाढल्या. खरा पालट झाला तो पुढे, श्रोडर यांच्या काळात. त्यांच्या सरकारने २००३ साली जाहीर केलेल्या सुधारणांतून दीर्घकाळ बेकार राहणाऱ्यांचा भत्ता २००५ पासून साध्या निर्वाह-साहाय्याच्या पातळीवर आला, आणि त्याच कारकिर्दीत उत्पन्नावरील सर्वोच्च कराचा दर शेकडा ५३ वरून ४२ वर उतरला. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे अधिक भाष्याची गरज राहत नाही.

फ्रान्समध्ये मितराँ १९८१ साली निवडून आले, तेव्हा त्यांनी बँका व मोठे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे केले, मोठ्या संपत्तीवर कर बसविला, पगारी रजेचा पाचवा आठवडा दिला आणि निवृत्तीचे वय साठावर आणले. दोन वर्षांत फ्रँक घसरला, चलनवाढ आवरेना, आणि मार्च १९८३ मध्ये गाडीचे तोंड फिरवावे लागले. स्वीडनची गोष्ट याहूनही बोलकी आहे. ज्या देशाकडे समाजवादाचे नंदनवन म्हणून बोट दाखविले जाई, तेथील वारसा कर २००४ साली रद्द झाला, आणि तो रद्द करणारे सरकार सोशल डेमोक्रॅटांचेच होते.

हीच कसोटी आता आपल्या मुलखाला लावून पाहावी.

शेतकरी कामगार पक्ष हा काँग्रेसच्याच पोटी जन्मलेला. १९४७ साली शंकरराव मोरे, केशवराव जेधे आदी मंडळींनी काँग्रेसच्या आत एक संघ उभारला, आणि पुढील वर्षी तो बाहेर पडून स्वतंत्र पक्ष झाला. १९५० साली नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे पक्षाने जो प्रबंध स्वीकारला, त्यात मार्क्स-लेनिनवाद हे आपले तत्त्वज्ञान असल्याचे त्याने सांगितले. खेड्यातील बारा-पंधरा एकरांच्या धन्याने लेनिनचे नाव घ्यावे, ही युरोपात कोणी कल्पिली नसेल अशी घटना होती. १९५४ साली मोरे व जेधे काँग्रेसमध्ये परतले. पक्ष मात्र राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत १९५७ साली त्याचे ३१ आमदार मुंबई विधानसभेत गेले. १९६२ पासून १९७२ पर्यंत विरोधी पक्षनेतेपद याच पक्षाच्या कृष्णराव धुळप यांच्याकडे होते. धाराशिव जिल्ह्यात, ज्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणत, भाई उद्धवराव पाटील हे या पक्षाचे नाव. १९७७ साली लातूर मतदारसंघातून ते लोकसभेवर गेले.

तुळजापूर मतदारसंघात तर दीर्घ काळ सामना होता तो काँग्रेस व शेतकरी कामगार पक्ष यांचाच. १९७८ साली शेकापचे माणिकराव खपले, १९८० साली काँग्रेसचे आलुरे गुरुजी, १९८५ साली पुन्हा खपले, १९९० साली काँग्रेसचे मधुकरराव चव्हाण, १९९५ साली पुन्हा खपले, आणि १९९९ पासून सलग चार वेळा चव्हाण. आलुरे गुरुजी व चव्हाण हे दोघेही अणदूरचे. एका पक्षाने १९५५ साली आवडीच्या अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केलेला, दुसऱ्याने दाभाडीचा प्रबंध मानलेला. म्हणजे मतदाराने कोणतीही चिठ्ठी टाकली तरी ती कागदोपत्री डाव्याच बाजूला पडणार. अणदूरच्या खंडोबाची रीत या ठिकाणी आठवते. देव एक आणि देवळे दोन, एक अणदुरात व दुसरे नळदुर्गाजवळ मैलारपुरास. वर्षातील सुमारे सव्वादहा महिने देव अणदुरात राहतो व पावणेदोन महिने मैलारपुरास, आणि नेण्याआणण्याच्या वेळी दोन्हीकडील मानकऱ्यांत लेखी करार होतो. त्यामुळे देव आज कोठे आहे याविषयी भक्ताच्या मनात संशय राहत नाही. पक्षांच्या बाबतीत असा करार कोणी लिहून देत नाही.

मग या मुलखात डावी धोरणे आली की नाही? आली, पण ती कोणाच्या हातून आली हे पाहण्यासारखे आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निझामाची सत्ता संपली. १९४९ साली जहागिरी गेल्या, आणि १९५० च्या कायद्याने हैदराबाद राज्यातील कुळांना संरक्षण मिळाले. ही दोन्ही कामे झाली तेव्हा निवडून आलेले सरकार अस्तित्वातच नव्हते. कारभार दिल्लीने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे होता. त्या अधिकाऱ्यांना मार्क्सचे प्रेम नव्हते. तेलंगणात शेतकऱ्यांनी शस्त्र उचलले होते, आणि तो वणवा पश्चिमेकडे येऊ नये ही चिंता होती. दुसऱ्या शब्दांत, डावे धोरण सरकारच्या हाताने झाले आणि डाव्यांच्या धाकाने झाले.

शेकापच्या नावातच एक अडचण दडलेली होती. शेतकरी आणि कामगार हे दोन शब्द शेजारी लिहिणे सोपे. परंतु खेड्यात ज्वारीच्या काढणीला लागणारी मजुरी एकाच्या घरातून निघते आणि दुसऱ्याच्या घरात जाते. शेतमालाला भाव मागताना दोघे एका मोर्चात चालतात, मजुरीचा दर ठरविताना समोरासमोर बसतात. पक्षाचे पुढारी बहुधा जमीनधारक कुटुंबांतले होते. लेव्ही, कापसाचा भाव, पाणी या प्रश्नांवर पक्ष निर्भयपणे लढला. शेतमजुराच्या दरावर त्याचा आवाज तितका चढला नाही. युरोपातील पक्षांचीही कुचंबणा याच जातीची आहे, फक्त तेथे एका बाजूला कारखान्यातील कामगार आणि दुसऱ्या बाजूला शहरातील सुशिक्षित पगारदार आहे.

या सगळ्यात एक गोष्ट अशी घडली की जिच्यापुढे युरोपातील अनेक सरकारांची कामगिरी फिकी पडावी. ती म्हणजे रोजगार हमी योजना. तिचे जनक वि. स. पागे हे काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती, वृत्तीने गांधीवादी, शेकापचे नव्हेत. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे तिचा प्रयोग झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यात व सोलापुराकडे विहिरी आटल्या, कडबा संपला, जनावरे कवडीमोलाने गेली. खडी फोडण्याच्या, रस्त्याच्या आणि पाझर तलावांच्या कामावर माणसांची रीघ लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो त्या पिढीच्या जिभेवरून कधी गेली नाही. शेकाप, लाल निशाण, समाजवादी व कम्युनिस्ट यांनी या कामांवरच्या मजुरांचे मोर्चे काढले, आणि मागणी केली ती शिध्याची नसून कामाची व नियमित मजुरीची होती. सभापतींच्या मेजावरील टिपण आणि रस्त्यावरची ती मागणी यांची गाठ पडली, तेव्हा कायदा झाला. १९७७ चा हा अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील जो प्रौढ अंगमेहनतीचे काम मागेल त्याला पंधरा दिवसांच्या आत ते द्यावयाचे, न दिल्यास भत्ता द्यावयाचा, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी. देशात कामाचा हक्क कायद्याने मान्य झाला तो असा. २००५ साली केंद्राने जो रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

परंतु या योजनेचे खरे वैशिष्ट्य तिच्या खर्चाच्या बाजूला आहे. पैसा कोठून येणार, हे तिने आधी सांगितले. १९७५ साली व्यवसाय कर बसला. मुंबई-पुण्याच्या कचेरीतील कारकून, शिक्षक, डॉक्टर, वकील, दुकानदार यांनी दरमहा थोडे द्यावयाचे. विक्रीकरावर अधिभार, मोटारींवर जादा कर, बागायत जमिनीवर विशेष आकारणी. आणि या सगळ्यांची जेवढी जमा होईल तेवढीच भर सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालावयाची. चाळीतल्या बिऱ्हाडाच्या पगारातून निघालेला पैसा अणदुराच्या माळावरील बांधबंदिस्तीला जावा, असा हा उघड व्यवहार होता. बागायतदारही त्यातून सुटला नव्हता. दोन्ही टोके जागच्या जागी होती.

ही टोके पुढे सैल कशी झाली, तो इतिहास कमी सांगितला जातो. १९८८ साली किमान वेतन वाढले व त्यासरशी योजनेवरची मजुरीही वाढली. पण कामांची संख्या मात्र पूर्वीसारखी राहिली नाही. १९९० पासून योजनेशी फळबागांची लागवड जोडण्यात आली, आणि मजुरासाठी जमविलेल्या पैशाचा काही भाग जमीन असलेल्याच्या बांधाच्या आत गेला. यालाही दुसरी बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. सांगोल्यासारख्या अवर्षणी तालुक्यात डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या त्या या लागवडीमुळे, आणि त्या कोरडवाहू शेतकऱ्याला गरीब म्हणू नये असे कोण म्हणेल? तरी ज्याच्याजवळ गुंठाभरही जमीन नाही त्याला डाळिंब लावता येत नाही. त्या दशकात योजनेच्या नावाने जमा अधिक आणि योजनेवर खर्च कमी, असा हिशेब कित्येक वर्षे राहिला. ज्यांनी कर दिला त्यांनी तो कोठे गेला हे विचारले नाही, आणि ज्यांच्यासाठी तो होता त्यांना तो आहे हे ठाऊक नव्हते.

शेकापला सत्ता मिळाली ती नेहमी दुसऱ्याच्या पंगतीत. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात एन. डी. पाटील व गणपतराव देशमुख होते. रोजगार हमीचा कायदा अमलात आला तो याच सरकारच्या कारकिर्दीत. १९९९ साली पक्ष पुन्हा आघाडी सरकारात गेला. म्हणजे तुळजापुरात ज्या काँग्रेसशी दोन दशके झुंज दिली, तिच्याच शेजारी तो मुंबईत जाऊन बसला. २००२ साली त्याने पाठिंबा काढला, तो रायगडातील राष्ट्रवादी काँग्रेसशी जुंपलेल्या स्थानिक तंट्यातून. धोरणाच्या प्रश्नावर नव्हे. व्यक्ती म्हणून ही माणसे निष्कलंक होती. गणपतराव सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले आणि एस.टी.ने प्रवास करीत राहिले. एन. डी. पाटील यांनी म्हातारपणी एन्रॉनशी, विशेष आर्थिक क्षेत्रांशी आणि कोल्हापूरच्या टोलशी झगडा मांडला. परंतु पुढाऱ्याचा साधेपणा हा त्याचा स्वतःचा गुण असतो, तो मतदारसंघाला वारशाने मिळत नाही. १९५७ च्या ३१ आमदारांच्या ठिकाणी २०२४ साली एकच उरला, तोही सांगोल्याचा, गणपतरावांचा नातू. तुळजापुरातून २०१९ व २०२४ साली भारतीय जनता पक्षाचे राणाजगजितसिंह पाटील निवडून आले. फ्रान्समध्येही हेच चित्र आहे: २०१२ साली ज्या समाजवादी पक्षाचा राष्ट्राध्यक्ष झाला, त्याच्या उमेदवाराला २०२२ साली शंभरात दोन मतेही पडली नाहीत. दोन पक्षांत फरक दिसेनासा झाला की मतदार तिसऱ्या दाराकडे वळतो, यात अणदूरकर आणि मार्सेयकर यांच्यात भेद करण्याचे कारण नाही.

तेव्हा युरोपातील प्रश्नाला ‘नाही’ असे सपाट उत्तर देणे अन्यायाचे होईल. स्पेनच्या समाजवादी सरकारने २०१९ साली किमान वेतन एकदम शेकडा बावीसने वाढविले. जर्मनीत किमान वेतनाचा कायदा २०१५ पासून लागू झाला तो सोशल डेमोक्रॅटांच्या आग्रहाने, आणि २०२२ साली त्यांनीच तो दर तासाला बारा युरोवर नेला. परंतु या वेतनाचा बोजा मालकावर पडतो. तिजोरीला त्यासाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही. करांची गोष्ट निघाली की आवाज बसतो. इंग्लंडच्या मजूर पक्षाने २०२४ ची निवडणूक लढविली ती उत्पन्नकर व मूल्यवर्धित कर यांचे दर वाढविणार नाही असे वचन देऊन. निवडून आल्यावर त्याने वृद्धांचा हिवाळ्यातील इंधनभत्ता बहुतेकांचा बंद केला, आणि गिल्ला होताच पुढील वर्षी बराचसा परत दिला. उलट खाजगी शाळांच्या शुल्कावर १ जानेवारी २०२५ पासून त्याने शेकडा वीस कर बसविला, हे मात्र जुन्या वळणाचे काम. पैसेवाल्याला त्याच्या तोंडावर सांगून घेतलेले. एकूण ताटाकडे पाहता डावा पदार्थ आहे. पण तो चटणी-कोशिंबिरीएवढा.

असे का व्हावे? फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ थॉमस पिकेटी यांनी अनेक देशांच्या निवडणुकांचे आकडे तपासून एक गोष्ट दाखविली आहे. महायुद्धानंतरच्या काळात डाव्या पक्षांना मते देत ते मुख्यतः कमी शिकलेले लोक. आता फ्रान्स व इंग्लंड येथे उच्चशिक्षित वर्ग त्या पक्षांकडे झुकला आहे. ज्या घरांतून कर यावयाचा, त्याच घरांतून मते येऊ लागली, मग मागावयाचे कोणाकडे? मुंबई, पुणे, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर येथील ज्या घरांत समतेविषयी आस्थेने बोलले जाते, त्यांनाही हा प्रश्न लागू आहे. आपल्या देशात मृताच्या मालमत्तेवरील कर १९५३ साली आला आणि १९८५ साली गेला. तो काढणारे सरकार काँग्रेसचे. संपत्ती कर २०१५ साली भारतीय जनता पक्षाच्या सरकारने काढला. दोन्ही वेळा सुशिक्षित घरांतून हूं की चूं उमटले नाही.

व्यवसाय कर तेवढा अद्याप आहे. संविधानाच्या २७६ व्या कलमाने त्यावर वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ च्या दुरुस्तीने ती २५०० झाली, आणि तेव्हापासून संसदेत कोणत्याही बाजूच्या पक्षाने ती वाढविलेली नाही. महाराष्ट्रात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापतात, ते वर्षाची बेरीज बरोबर २५०० यावी म्हणून. दरमहा दहा हजारांहून थोडे अधिक मिळविणारा कारकून आणि पाच लाख मिळविणारा अधिकारी या दोघांच्या पगारपत्रकावर त्या रकान्यातला आकडा एकच असतो.